टर्मिनलवर मराठी अक्षरं विस्कटतात तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रावेर-यावलच्या केळीच्या भावयाद्या, जिनिंगच्या वजनकाट्यावरच्या नोंदी, ग्रामपंचायतीच्या याद्या, कॉलेजचे निकाल. खान्देशात असा मजकूर आता सर्रास देवनागरीत असतो आणि कधी ना कधी कुणाच्या तरी टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करून काम करायच्या खिडकीत, येतोच. तिथे तो विस्कटलेला दिसला की माणूस घाबरतो, दिसेल ते सेटिंग बदलत सुटतो, आणि मुळात शाबूत असलेली फाइल या धडपडीत खरोखरच बिघडते. ते टळावं म्हणून हे पान. जळगाव, धुळे, नंदुरबारकडचे विद्यार्थी, ऑपरेटर आणि छोट्या कार्यालयांचे सर्व्हर सांभाळणारे यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची ही उत्तरं.

कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांत करायच्या, आकडेही इंग्रजी. वेगळं सांगितलं नसेल तिथे सगळी अक्षरं स्मॉल.

माझी फाइल खराब झाली का?

बहुतेक वेळा नाही. फाइलमध्ये अक्षरं नसतात, बाइट, म्हणजे आकडे, असतात. यूनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या एकत्र तक्त्यात, देवनागरीसाठी १२८ जागांचा एक पट्टा राखलेला आहे, आणि तो बाइटांत लिहायच्या यूटीएफ-८ पद्धतीत (अशा पद्धतीला एन्कोडिंग म्हणतात) त्यातल्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘जळगाव’ घ्या: ज, ळ, ग, काना, व. पाच चिन्हं, पंधरा बाइट. समोर यूटीएफ-८ आहे हे टर्मिनलला माहीत असेल तर ते तीन-तीनचे गट करून पाच चिन्हं काढतं. त्याला जुन्या, एका बाइटला एक अक्षर देणाऱ्या तक्त्यावर बसवलं असेल तर ते पंधरा वेगवेगळी अक्षरं काढून मोकळं होतं. दोन्ही वेळा फाइल तीच असते.

म्हणून पहिला नियम: मजकूर विस्कटलेला दिसत असताना फाइल सेव्ह करू नका. आधी तिची एक प्रत बाजूला ठेवा, मग काय ते प्रयोग करा.

पडद्यावर जे दिसतंय त्यावरून दोष ओळखता येतो का?

येतो, आणि नेमकं तेच कुणी करत नाही. सगळ्या बिघाडांना लोक ‘फॉन्टचा प्रॉब्लेम’ म्हणतात. बिघाडाचे चेहरे वेगळे आहेत, औषधंही वेगळी.

दर तिसऱ्या जागी डोक्यावर तिरपी रेघ असलेलं इंग्रजी ‘ए’ आणि त्याला लागून ¤ किंवा ¥ दिसत असेल, तर यूटीएफ-८ मजकूर विंडोज-१२५२ या तक्त्याने वाचला जातोय. देवनागरीचा प्रत्येक गट ई० या बाइटने सुरू होतो आणि दुसरा बाइट ए४ किंवा ए५ असतो (बाइट इथे सोळामान आकड्यांत लिहिले आहेत). त्या तक्त्यात या बाइटांच्या जागी हीच चिन्हं बसली आहेत, म्हणून ती परत परत येतात. ¤ च्या जागी युरोचं चिन्ह असेल तर तक्ता आयएसओ-८८५९-१५ आहे.

त्याऐवजी ग्रीक अल्फा आणि डोक्यावर नागमोडी असलेलं ‘एन’ अशी जोडी दिसली, तर विंडोजच्या काळ्या खिडकीचा (कमांड प्रॉम्प्टचा) ४३७ क्रमांकाचा तक्ता चालू आहे. अल्फाऐवजी तिरपी रेघ असलेलं मोठं ‘ओ’ असेल तर ८५०. म्हणजे नुसतं बघून तक्त्याचा नंबर सांगता येतो.

रिकामे चौकोन दिसत असतील तर एन्कोडिंगला हात लावू नका, ते बरोबर आहे. तिथे फॉन्ट नाही.

� असं काळ्या शंकरपाळ्यातलं प्रश्नचिन्ह म्हणजे टर्मिनल यूटीएफ-८ वर आहे, पण आलेले बाइट यूटीएफ-८ चे नाहीत.

आणि साधी प्रश्नचिन्हं, ओळीने ????? अशी, हा सगळ्यात वाईट चेहरा. कुठल्या तरी प्रोग्रामला ते अक्षर लिहिता आलं नाही आणि त्याने त्या जागी खरोखरचं प्रश्नचिन्ह लिहून टाकलं. हे नुसतं पडद्यावर असेल तर ठीक. फाइलमध्ये गेलं असेल तर मूळ अक्षर तिथून कायमचं गेलं.

विंडोजच्या काळ्या खिडकीत आत्ता काय करू?

सीएचसीपी टाइप करून एंटर दाबा, चालू तक्त्याचा नंबर दिसेल. आपल्याकडच्या इंग्रजी विंडोजवर तो बहुधा ४३७ असतो. मग सीएचसीपी, एक जागा, ६५००१. हा यूटीएफ-८ चा नंबर आहे. तो त्या खिडकीपुरताच लागू होतो, खिडकी बंद केली की गेला.

रोजचं काम असेल तर डेस्कटॉपवर शॉर्टकट करा आणि त्याच्या टार्गेटमध्ये सीएमडी /के सीएचसीपी ६५००१ लिहा.

कायमचंच ६५००१ करून टाकलं तर?

विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून तशी सोय आहे. कंट्रोल पॅनेलमध्ये रीजन, त्यात अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह, त्यात चेंज सिस्टिम लोकेल. तिथे ‘बीटा’ शब्दाने सुरू होणारा यूटीएफ-८ चा चौकोन टिचकी मारून चालू करायचा आणि मशीन रीस्टार्ट करायचं.

घरच्या किंवा अभ्यासाच्या मशीनवर खुशाल करा. दुकानात, अडतीवर किंवा छापखान्यात मात्र आधी विचार करा. तिथे बरीच जुनी सॉफ्टवेअर एका बाइटला एक अक्षर हे गृहीत धरून लिहिलेली असतात. हा चौकोन चालू झाला की त्यांची बिलं आणि रिपोर्ट बिघडू शकतात. ऐन हंगामात, ट्रक भरून उभा असताना हे कळणं परवडत नाही. बदल करायचाच असेल तर काम थंड असताना करा, आणि सगळे रिपोर्ट एकदा छापून बघा.

६५००१ केलं, तरी चौकोनच दिसतात.

जुन्या काळ्या खिडकीला देवनागरी जमत नाही, हे एकदा मान्य करून टाका. तिला समान रुंदीचे मोजके फॉन्ट चालतात, एका फॉन्टमध्ये अक्षर नसेल तर दुसऱ्यातून आणणं तिला येत नाही, आणि जोडाक्षरं जुळवणं तर नाहीच. तिच्यावर वेळ घालवू नका. विंडोज टर्मिनल हा मायक्रोसॉफ्टचाच नवा प्रोग्राम आहे, २०२० मध्ये त्याची १.० आवृत्ती आली, आणि तो फुकट आहे. तो हव्या त्या फॉन्टमधून अक्षर शोधून आणतो. निर्मला यूआय हा देवनागरी फॉन्ट विंडोज ८ पासून सोबतच येतो, त्यामुळे वेगळं काही उतरवून घ्यायची गरज सहसा पडत नाही.

पॉवरशेलमधून फाइल काढली, ती लिनक्सवर उघडली तर नुसते ठिपके, आकडे आणि मोकळ्या जागा.

धुळ्याच्या एका विद्यार्थिनीने असा स्क्रीनशॉट पाठवला होता. ‘मराठी’ हवं तिथे ठिपका, शून्य, ‘पेक्षा मोठं’चं चिन्ह, रिकामी जागा आणि ईमेलच्या पत्त्यातलं अ‍ॅट, आणि प्रत्येकानंतर लांबलचक अंतर. हे बघितल्याबरोबर ओळखावं: यूटीएफ-१६. त्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला दोन बाइट असतात आणि त्यातला एक कायम ०९ असतो. साध्या तक्त्यात ०९ म्हणजे टॅब. म्हणून ती अंतरं. म चा दुसरा बाइट २ई, तो ठिपका. र चा ३०, ते शून्य. ठ चा २०, ती मोकळी जागा.

विंडोजसोबत येणारं पॉवरशेल ५.१ (कमांड चालवायचा प्रोग्राम) बाणाने, म्हणजे > या चिन्हाने, फाइलमध्ये लिहिताना यूटीएफ-१६ च वापरतं. पॉवरशेल ७ घेतलं तर ते मुळात यूटीएफ-८ लिहितं. ५.१ वरच राहायचं असेल तर बाणाऐवजी आउट-फाइल वापरून एन्कोडिंग यूटीएफ८ असं सांगा. आधीच तयार झालेली फाइल लिनक्सवर आयकॉन्व्ह या एन्कोडिंग बदलणाऱ्या कमांडने यूटीएफ-१६ मधून यूटीएफ-८ मध्ये आणा. यात एकही अक्षर जात नाही.

पायथन ‘चारमॅप कोडेक’ असं काहीतरी म्हणून थांबतं. पडद्यावर तर नीट छापत होतं!

बरोबर निरीक्षण आहे. पायथन ३.६ पासून विंडोजच्या खिडकीत छापताना तक्त्याचा नंबर आडवा येत नाही. पण तोच आउटपुट बाणाने फाइलमध्ये वळवला की पायथन विंडोजचा जुना तक्ता धरतं, आणि १२५२ मध्ये ‘ळ’ नाही, ‘क’ही नाही. म्हणून थांबतं.

पायथन ३.७ पासून उपाय सोपा आहे. पायथनयूटीएफ८ नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (सगळी अक्षरं कॅपिटल, आकडा धरून एकच शब्द) १ करून ठेवा. शिवाय प्रोग्राममध्ये फाइल उघडताना दर वेळी एन्कोडिंग यूटीएफ-८ लिहायची सवय लावा. कॉलेजच्या लॅबमध्ये मशीन बदलतं, सेटिंग तिथेच राहतं. प्रोग्राममध्ये लिहिलेलं मात्र सोबत येतं.

लिनक्सवर कुठे बघायचं?

लोकेल म्हणजे मशीनची भाषा आणि एन्कोडिंग यांचं सेटिंग. लोकेल ही कमांड द्या, मग लोकेल चारमॅप. दुसरीचं उत्तर यूटीएफ-८ आलं तर लिनक्सची बाजू ठीक आहे. एएनएसआय_एक्स३.४-१९६८ आलं तर ते साध्या अ‍ॅस्कीचं जुनं नाव आहे, म्हणजे मशीनला इंग्रजीपलीकडे काही माहीतच नाही.

एलसी_ऑल, एलसी_सीटाइप आणि लँग अशी तीन नावं तिथे दिसतील. एलसी_ऑल सगळ्यांच्या वर बसतं. ते चुकीचं भरलेलं असेल तर खाली लँग कितीही वेळा बदला, फरक पडणार नाही. म्हणून आधी एलसी_ऑल रिकामं करा, मग लँगमध्ये यूटीएफ-८ चं लोकेल द्या. सगळ्या कमांड मराठीत बोलायला हव्यात असं नाही, बहुतेकांना नकोच असतात. सी ठिपका यूटीएफ-८ (सी आणि यूटीएफ कॅपिटल) हे लोकेल दिलं की संदेश इंग्रजीत राहतात आणि मजकूर देवनागरीत नीट दिसतो. सर्व्हरसाठी मी हेच सुचवतो.

फॉन्ट नसेल तर डेबियन-उबुंटूवर फॉन्ट्स-देवा हे पॅकेज बसवा. बसले का ते एफसी-लिस्ट, जागा, मग विसर्गासारखे दोन ठिपके, लँग, बरोबरचं चिन्ह, एमआर असं जोडून लिहून बघता येतं. मराठीला चालणारे फॉन्ट तेवढे निवडून दाखवले जातात.

हाताने चालवलं की नीट, रात्री क्रॉनने चालवलं की प्रश्नचिन्हं. असं का?

तुम्ही लॉगिन करता तेव्हा तुमचं लँग सोबत येतं. क्रॉनकडे, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या प्रोग्रामकडे, ते येईलच असं नाही, बऱ्याचदा त्याला साधं सी लोकेल मिळतं. स्क्रिप्टच्या वरच्या ओळींतच लँग एक्सपोर्ट करा. कंटेनरमध्येही हाच प्रकार होतो, हाच उपाय.

पुट्टीतून सर्व्हरला जोडतो, तिथे घाण दिसते. सर्व्हरवाला म्हणतो त्याच्याकडे नीट आहे.

दोघंही खरं बोलत असतील. सर्व्हरने बाइट पाठवायचे आणि तुमच्या खिडकीने त्यांची अक्षरं करायची, अशी वाटणी असते. पुट्टीत विंडो, त्यात ट्रान्सलेशन, त्यात रिमोट कॅरॅक्टर सेट यूटीएफ-८ करा, आणि मुख्य पानावर जाऊन सेशन सेव्ह करा. सेव्ह करायचं राहिलं की दुसऱ्या दिवशी तोच फोन येतो.

लिनक्स ते लिनक्स जोडताना तुमचं लँग एसएसएच या जोडणीवरून पलीकडे जाऊ शकतं. पलीकडच्या मशीनवर ते लोकेल तयार केलेलं नसेल तर ‘कॅनॉट चेंज लोकेल’ अशी सूचना येते आणि अक्षरं तुटतात. पलीकडे लोकेल-जेन चालवून ते तयार करून घ्या, किंवा वर सांगितलेलं सी ठिपका यूटीएफ-८ वापरा. मध्ये टीमक्स (एकाच जोडणीत अनेक टर्मिनल चालवणारा प्रोग्राम) वापरत असाल तर ते एकदा -यू लावून सुरू करून बघा.

सर्व्हरला थेट मॉनिटर लावला, तिथे तर काहीच दिसत नाही.

दिसणारही नाही. लिनक्सच्या मूळ काळ्या पडद्याला एका वेळी जास्तीत जास्त ५१२ आकार ठेवता येतात आणि जोडाक्षरं जुळवता येत नाहीत. तिथे इंग्रजीत काम करा. मराठी बघायचं असेल तर दुसऱ्या मशीनवरून जोडा.

फाइलचं नाव मराठीत आहे, गिट त्याच्या जागी उलट्या तिरप्या रेघा आणि आकडे दाखवतं.

\३४०\२४४\२५६ असं दिसत असेल तर तो बिचारा ‘म’ आहे, अष्टमान आकड्यांत. काही बिघडलेलं नाही, गिट (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारा प्रोग्राम) मुद्दाम तसं दाखवतं. गिट कॉन्फिग ग्लोबलमध्ये कोअर ठिपका कोटपाथ फॉल्स करा. लेस या फाइल वाचायच्या कमांडमध्ये टोकदार कंसांत ई०, ए४ दिसत असेल तर तो लोकेलचा दोष आहे, वरचं लिनक्सचं उत्तर बघा.

चुकून एक झिप फाइल कॅट केली (कॅट कमांडने पडद्यावर ओतली). आता इंग्रजी टाइप केलं तरी रेघोट्याच उमटतात.

रीसेट टाइप करा आणि एंटर. टाइप करताना काय लिहिलं जातंय ते नीट दिसणार नाही, तरी लिहा. फाइलमधल्या एखाद्या बाइटने टर्मिनलला चौकटी आखायच्या चिन्हांवर नेऊन ठेवलेलं असतं, रीसेट त्याला परत आणतं. फाइलला आणि मशीनला काहीही झालेलं नाही.

कुणीतरी विस्कटलेल्या अवस्थेतच सेव्ह केलं. आता सुटका आहे का?

बऱ्याचदा आहे, पण सगळ्या शब्दांची सारखी नाही. हे नीट समजून घ्या, कारण इथेच घाईने सर्वात जास्त नुकसान होतं.

झालंय असं की यूटीएफ-८ चे बाइट १२५२ ची अक्षरं म्हणून वाचले गेले, आणि ती चुकीची अक्षरं पुन्हा यूटीएफ-८ मध्ये लिहिली गेली. म्हणजे एकावर एक दोन थर बसले. वरचा थर काढायचा तर उलट दिशेने जायचं: आयकॉन्व्हने यूटीएफ-८ मधून सीपी१२५२ मध्ये न्या. बाहेर जे बाइट पडतील ते मूळचे यूटीएफ-८ असतात.

‘जळगाव’ यातून अख्खं परत येतं. ‘चोपडा’ येतं, ‘अमळनेर’ येतं, ‘पारोळा’ येतं. ‘धुळे’ मात्र अडतं. कारण १२५२ च्या तक्त्यात पाच जागा रिकाम्या आहेत: ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. ह्रस्व उकाराचा शेवटचा बाइट नेमका ८१ आहे. तो वाचताना तक्त्यात काहीच सापडत नाही. मग कुठला प्रोग्राम तो बाइट तसाच पुढे ढकलतो, कुठला गाळतो, कुठला तिथे प्रश्नचिन्ह ठेवतो. ‘नंदुरबार’ची तीच गत. ‘एरंडोल’चा ए ८एफ वर संपतो. हलन्त ८डी वर संपतो, म्हणून ‘साक्री’ आणि ‘अक्कलकुवा’, खरं तर जोडाक्षर असलेला प्रत्येक शब्द धोक्यात. झ चा शेवटचा बाइट ९डी.

आणखी दोन अक्षरं तक्त्यात आहेत, पण दिसत नाहीत. ठ चा शेवटचा बाइट ए०, तो न तुटणारी मोकळी जागा होतो. भ चा एडी, तो अदृश्य संयोगरेषा होतो. कुणी तो मजकूर कॉपी करून दुसरीकडे चिकटवला, किंवा ‘जास्तीच्या जागा काढा’ असं काही चालवलं, की ठ आणि भ गुपचूप निघून जातात. ‘भुसावळ’ला भ चा आणि उकाराचा असे दोन्ही धोके.

म्हणून अशी फाइल मिळाली तर ती नीटनेटकी करू नका. जागा काढू नका, एक्सेलमध्ये उघडून बघू नका. आहे तशी प्रत घ्या. बाइट तसेच पुढे ढकलले गेले असतील तर पायथनची एफटीएफवाय ही लायब्ररी त्या पाच रिकाम्या जागा सांभाळून थर काढते. साधा आयकॉन्व्ह अशा ठिकाणी अर्ध्यातच थांबतो. गाळले गेले असतील तर उकार आणि हलन्त माणसाने वाचून भरावे लागतात. गावांची नावं असतील तर तालुक्याच्या यादीशी ताडून बरंच काम होतं. माणसांच्या नावांना मात्र ज्याचं नाव त्यालाच विचारावं लागतं.

डेटाबेसमधून मराठी ऐवजी प्रश्नचिन्हं येतात.

मायएसक्यूएल असेल तर अंदाज बांधत बसू नका, त्या रकान्यावर हेक्स हे फंक्शन लावून बघा. ई०ए४ ने सुरू होत असेल तर आतला मजकूर शुद्ध आहे, फक्त जोडणीची भाषा चुकलीय: सेट नेम्स यूटीएफ८एमबी४ द्या. सी३ए०सी२ए४ दिसलं तर दोन थर बसलेत. हे दुरुस्त होतं, आणि इथे एक चांगली गोष्ट आहे: मायएसक्यूएलचा लॅटिन१ हा तक्ता त्या पाच रिकाम्या जागा जपून ठेवतो, त्यामुळे धुळेही परत येतं. ३एफ३एफ३एफ दिसलं तर ती खरी प्रश्नचिन्हं आहेत. तिथे बॅकअप शोधा, दुसरा मार्ग नाही.

५.७ आणि त्याआधी मूळ तक्ता लॅटिन१ असायचा, ८.० पासून यूटीएफ८एमबी४ आहे. जुन्या सर्व्हरवरून नव्यावर जाताना बॅकअप घ्याल तेव्हा एन्कोडिंग स्पष्ट लिहून द्या.

वडिलांच्या काळातली फाइल आहे. टर्मिनलवर नुसती इंग्रजी अक्षरं दिसतात, वर्डमध्ये फॉन्ट लावला की मराठी.

मग ती यूनिकोड नाहीच. कृतीदेव, श्रीलिपी, आकृती, शिवाजी अशा जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत. कृतीदेवमध्ये ‘मराठी’ लिहिलं की फाइलमध्ये खरोखर ई, जे, के, कॅपिटल बी, एच अशी अक्षरं जातात. टर्मिनलच्या दृष्टीने तो इंग्रजी मजकूरच आहे, त्यामुळे ६५००१, लोकेल, आयकॉन्व्ह यातलं काहीही लागू पडत नाही. त्या-त्या फॉन्टचा कन्व्हर्टर लागतो, आणि एका फॉन्टचा दुसऱ्याला चालत नाही. म्हणून फॉन्टचं अचूक नाव आधी शोधा, आकड्यासकट.

कन्व्हर्टर ह्रस्व वेलांटीत आणि रफारात चुकतात, कारण या फॉन्टमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि रफार नंतर. रूपांतर झाल्यावर एक पान तरी मोठ्याने वाचून बघा. खान्देशातल्या छापखान्यांत आणि घराघरांत स्मरणिका, वंशावळी, गाण्यांच्या वह्या अशा फॉन्टमध्ये पडून आहेत. मशीन चालू आहे तोवर त्या यूनिकोडमध्ये आणून ठेवाव्यात, असं मला फार मनापासून वाटतं.

सीएसव्ही टर्मिनलवर नीट, एक्सेलमध्ये विस्कटलेली.

एक्सेलला फाइलच्या सुरुवातीला ईएफ, बीबी, बीएफ ही तीन बाइटांची खूण हवी असते. पायथनमध्ये एन्कोडिंग यूटीएफ-८-सिग दिलं की ती लागते. पण हीच खूण शेल स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत आली तर स्क्रिप्ट चालत नाही. एक्सेलसाठी खुणेसह, लिनक्ससाठी खुणेशिवाय.

एन्कोडिंग बरोबर आहे, तरी जोडाक्षरं फुटतात आणि रकाने सरकतात.

हा सेटिंगचा नाही, टर्मिनलच्या घडणीचा प्रश्न आहे. टर्मिनल पडद्याचे सारख्या रुंदीचे चौकोन पाडतं. इंग्रजीचं एक अक्षर एका चौकोनात बसतं. ‘क्षि’ चार चिन्हांनी बनतं आणि एक आकार होऊन दिसतं. काना आणि वेलांटी जागा घेतात, उकार आणि मात्रा घेत नाहीत. कुणी किती चौकोन मोजायचे यावर प्रोग्राम आणि टर्मिनल यांचं एकमत होत नाही, आणि केळीच्या भावाचा रकाना गावाच्या नावाखाली सरकतो.

कॉन्सोल, किटी आणि एमएलटर्म यांना जोडाक्षरं जुळवता येतात, पुट्टीला येत नाहीत. रकाने मात्र कुठेही हमखास जुळतील असं मी सांगणार नाही. टर्मिनलवर मराठी तक्ता आखायचा असेल तर मराठी रकाना सगळ्यात शेवटी ठेवा. आकडे आधी, नाव नंतर.

‘वाऱ्याने’ असं शोधलं तर सापडत नाही. डोळ्यांसमोर दिसतंय!

कारण त्यातलं ‘ऱ्य’ दोन तऱ्हांनी लिहिता येतं. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर, हलन्त आणि य. दोन, साधा र, हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह आणि य. दिसायला सारखं, बाइट वेगळे: पहिलं नऊ, दुसरं बारा. ग्रेप ही शोधायची कमांड बाइट जुळवते, तिला रूप कळत नाही. जोडचिन्ह वाटेत कुणी गाळलं तर रफार होतो आणि ‘वार्याने’ असं दिसू लागतं. फाइलमध्ये सगळीकडे पहिलीच तऱ्हा करून घ्या, शोधही सुधारतो आणि हा रफारही टळतो.

अहिराणीसाठी वेगळं एन्कोडिंग लागतं का?

नाही. ‘काय करी ऱ्हायना?’ हे देवनागरीतच आहे, तेच बाइट, तेच फॉन्ट. फक्त अहिराणीत ऱ्ह सारखा येतो, त्यामुळे वरचं उत्तर अहिराणी लिहिणाऱ्यांनी जास्त लक्षात ठेवावं. गाणी, ओव्या, म्हणी टाइप करून गोळा करणारे अनेक जण असतील तर कळफलक आणि ऱ ची तऱ्हा आधी ठरवून घ्या. नाहीतर एकच ओवी दोनदा नोंदली जाते आणि संगणकाला ती वेगळी वाटते.

मदत मागताना काय पाठवू?

पडद्याचा फोटो, आणि सोबत मूळ फाइल, झिप करून. व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर कॉपी करून चिकटवू नका, त्यात ठ आणि भ चा पुरावा नाहीसा होतो. फाइल मोठी किंवा खासगी असेल तर एका बिघडलेल्या ओळीपुरती हेक्सडंप -सी (सी कॅपिटल; ही कमांड बाइट आकड्यांत दाखवते) चालवून त्याचा आउटपुट द्या. विंडोजवर सीएचसीपीचं उत्तर, लिनक्सवर लोकेलचं उत्तर. आणि ती ओळ मुळात काय असायला हवी होती, ते कागदावर हाताने लिहून त्याचा फोटो.